टेकाडापलीकडं कोण असतं

दिवाळीच्या सुट्टीत दारव्ह्याला मामांकडे गेले तेव्हा माझ्या मुलाच्या डाव्या मनगटाला प्लास्टर होतं आणि माझ्या मनात एका खेळाबद्दलचा राग धुमसत होता. मामा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. चष्मा नाकावर घसरलेला, फोन आडवा धरलेला, दोन अंगठे दोन कोपऱ्यांत. पडद्यावर एक लाल जीप हिरवं टेकाड चढत होती.

तोच खेळ.

“मामा, तुम्हीपण?”

“जरा दम धर बाई. पेट्रोलचा डबा येऊ राह्यला समोर.”

डबा आला, टाकी भरली आणि पुढच्याच उतारावर जीप नाकावर आपटली. मामांनी फोन मांडीवर पालथा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मग मुलाच्या हाताकडे. ते काही बोलले नाहीत, आतून चहा येईपर्यंत मीही बोलले नाही.

माझे मामा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. ३१ वर्षं नोकरी. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड हा त्यांचा मुलूख. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून कपाटात मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेला आहे. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. त्या संध्याकाळी आम्हा दोघांत जे बोलणं झालं ते इथं मांडते आहे, कारण त्या बोलण्यात मला माझा एक आक्षेप सोडावा लागला आणि दुसरा जास्त घट्ट धरावा लागला.

खेळ बहुतेकांनी पाहिलेला असेल. ‘हिल क्लाइंब रेसिंग’ त्याचं नाव. फिनलंडच्या उत्तरेकडच्या औलू शहरात टोनी फिंगररूस नावाच्या तरुणानं तो तयार केला, सप्टेंबर २०१२ मध्ये तो फोनवर आला आणि पुढे या मालिकेची डाउनलोड अब्जाच्या वर गेली. औलू म्हणजे नोकियाच्या संशोधकांचं गाव. ज्या कंपनीच्या साध्या फोनवर आमच्या पिढीनं साप खेळला, तिच्याच गावातून पुढच्या पिढीच्या हातात ही जीप आली. खेळात दोनच पेडल आहेत, डावीकडे ब्रेक, उजवीकडे गॅस. जीप बाजूनं दिसते. रस्ता म्हणजे चढ, उतार, खळगे. टाकी सरायच्या आत पुढचा लाल डबा गाठायचा. गाडी उलटून ड्रायव्हरचं डोकं जमिनीला टेकलं की खेळ संपला. त्या ड्रायव्हरचं नाव आहे न्यूटन बिल. हे नाव मी वर्गात सांगते तेव्हा मुलं हसतात आणि एरवी न ऐकणारी दोन-तीन जण मान वर करतात.

चहा झाल्यावर मी सांगितलं काय घडलं ते. यवतमाळच्या बाहेर, शेतांकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाल्याची मोरी आहे. रस्त्यापेक्षा हातभर उंच. दहावीतला मुलगा वडिलांची मोटारसायकल घेऊन गेला आणि त्यानं ती मोरीवरून उडवली. दवाखान्यात हाताला फळी बांधत असताना तो मला समजावत होता, “आई, हवेत मागचा ब्रेक दाबला की पुढचं चाक खाली येतं. मी तसंच केलं. मी बरोबर उतरलो होतो.” तो खरोखरच बरोबर उतरला होता. पण मोरीच्या पलीकडे एक बाई डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन चालली होती, मागून तिची शेळी. त्यानं गाडी वळवली आणि तो चरात गेला. बाईला काही लागलं नाही. ती भीतीनं रस्त्यातच खाली बसली. ती तशी बसलेली मला अजून दिसते, मी तिथं नव्हते तरी.

“म्हणून म्हणते मामा, हा खेळ पोरांच्या हातात नको. त्यातलं विज्ञानसुद्धा कच्चं आहे. जीप टेनिसच्या चेंडूसारखी उसळते.”

“उसळते ते खोटं,” मामा म्हणाले, “पन उलटते ते खरं हाय. पाय, तुले दाखवतो.”

त्यांनी जीप चढाला लावली आणि गॅसवर अंगठा दाबून धरला. पुढची चाकं सुटली, नाक वर गेलं, जीप मागच्या मागे उताणी.

“हे काय झालं?”

मी सांगितलं. चढावर गाडीचा भार मागच्या चाकांकडे सरकतो. वर इंजिन चाकाला पुढे फिरवतं तेव्हा गाडीचं धूड उलट्या दिशेनं, म्हणजे नाक वर करून फिरू पाहतं. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेला ओळंबा मागचं चाक टेकतं त्या जागेच्याही मागे गेला की गाडी परत येत नाही.

“म्हनजे उलार झाली.”

मी थांबले. हा शब्द मी लहानपणी ऐकला होता आणि विसरले होते. बंडी भरताना मागे भार जास्त झाला तर धुरा वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहतं, गळ्याचा पट्टा आवळतो. ती बंडी उलार. पुढे भार जास्त झाला तर सगळं ओझं बैलांच्या खांद्यावर, ती धुरजड. मी फळ्यावर गुरुत्वमध्याची व्याख्या लिहिते, बाण काढते, तरी निम्म्या वर्गाला ते उमगत नाही. आणि आमच्याच भाषेत त्याच एका गोष्टीच्या दोन बाजूंना दोन शब्द होते, कापूस भरणाऱ्या प्रत्येक गड्याच्या तोंडी होते.

“माया बाप बंडी भरली की मागं उभा राहून एका हातानं साटा दाबून पाहे. किती दाबलं अन् धुरा किती उचलली, त्याच्यावरून त्याले समजे. आता ट्रॅक्टर पाय. चिखलात फसला, ट्रॉली मागं भरलेली, अन् गड्यानं एकदम क्लच सोडला. चाक तं फिरत नाई, मंग फिरन काय? ट्रॅक्टरच फिरते, चालवनाऱ्याच्या अंगावर. असे मानसं गेले हायेत बाई आपल्या भागात. ह्या खेळात पोट्ट्यानं धा वेळा जीप उलार केली अन् अकराव्या वेळी अंगठा हळू केला, तं ते ट्रॅक्टरवर बसल्यावर कामी पडनार नाई काय?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ट्रॅक्टरचं मागे उलटणं हे शेतीतल्या जीवघेण्या अपघातांपैकी एक आहे आणि त्याचं गणित अगदी हेच आहे. समोर लोखंडी वजनं बसवतात ती याचसाठी. काळ्या मातीत पावसाळ्यात चाक रुतलं की माती टायरला धरून बसते, चाक अडकतं आणि इंजिनाचा सगळा जोर धुडाला उचलण्यात जातो. आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे पुस्तकातून शिकायची गरज पडू नये, पण पडते.

हवेतली गोष्टही खरीच निघाली. जीप जमिनीवरून सुटल्यावर गॅस दाबला तर नाक वर जातं, ब्रेक दाबला तर खाली येतं. हवेत ढकलायला काही नसतं. चाकांचा फिरण्याचा वेग बदलला तर धुडाला उलटं फिरून हिशेब पुरा करावा लागतो. कोनीय संवेग अक्षय्य राहतो, असं मी शिकवते. मोटोक्रॉसचे खेळाडू उडीत हेच करतात. चार चाकी गाडीत धूड जड आणि चाकं त्या मानानं हलकी, म्हणून परिणाम थोडा. खेळानं तो फुगवला आहे. मोटारसायकलीत तो चांगला जाणवतो. माझ्या मुलानं मोरीवर जे केलं ते भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं चोख होतं, आणि हेच मला झोपू देत नव्हतं. तो चुकला असता तर मी खेळाला दोष देऊन मोकळी झाले असते.

“सामान कोणतं घेता तुम्ही?” मी विचारलं. खेळात नाणी मिळतात, त्यांवर गाडीच्या चार गोष्टी वाढवता येतात. इंजिन, सस्पेन्शन म्हणजे मामांच्या भाषेत पाटे, टायर आणि चारही चाकांना जोर.

“पयले पाटे. मंग टायर. इंजिन सर्वात शेवटी.”

“आणि हा?” मी मुलाकडे बोट केलं. तो पायरीवर बसून ऐकत होता.

“इंजिन,” तो म्हणाला.

“पाटे बेकार असले तं इंजिन काय करन?” मामा त्याला म्हणाले. “चाक जमिनीवर टेकलं तं जोर लागन ना बाप्पा. हवेत फिरनाऱ्या चाकाले किती बी जोर दे.”

विज्ञानाचा मुद्दा मी तिथं सोडला. पण दुसरे दोन होते. पहिला पेट्रोलचा. या खेळात रेंगाळलं तर डबा गाठायच्या आधी टाकी सरते, म्हणून पोरं पळवतात. खऱ्या रस्त्यावर उलटं आहे. संथ, एकसारखी चाल ठेवणाऱ्याची गाडी लिटरमागे जास्त जाते. एसटीत त्याला केपीएल म्हणतात आणि ड्रायव्हरच्या हाताची पारख त्यावरून होते. मामांचं केपीएल डेपोत वरच्या नंबरात असायचं.

“ते खोटं हाय,” मामांनी लगेच कबूल केलं. “म्हनून तं मी ह्या खेळात लय पुढं जात नाई. माया अंगठाच तेवढा दबत नाई.”

दुसरा मुद्दा पडण्याचा. “इथं पडलं की पुन्हा सुरू करायचं बटण येतं. हाड मोडत नाही, कोणी रडत नाही. पडणं इतकं स्वस्त झालं की भीती जाते.”

“स्वस्तात पडनं वाईट काहून?”

मामांच्या या प्रश्नाला खरं तर मीच पुरावा पुरवला. अमेरिकेत एडविन लिंक यानं १९२९ मध्ये वैमानिकांसाठी लाकडी खोक्याचं विमान बनवलं. जमिनीवर खिळलेलं, पण आतून सगळं विमानासारखं. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यात आधी चुकले आणि मग आकाशात गेले. स्वस्तात पडण्यानं त्यांचे जीव वाचले. “पण मामा, त्या खोक्याबाहेर शिक्षक बसलेला असायचा. आज काय चुकलं ते सांगणारा. आणि त्यातून उठून मुलगा सरळ विमानात बसत नव्हता.”

“हे बरोबर बोल्ली,” मामा म्हणाले. त्यांनी पाय लांब केले आणि बराच वेळ समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. कापसाची एक ट्रॉली चालली होती, मागे पांढऱ्या बोंडांच्या चिंध्या रस्त्याकडेच्या बाभळींना अडकत होत्या.

“आमच्या येळी मधात पायऱ्या होत्या. पयले बापाच्या पुढ्यात बसून कासरा नुसता धराचा. बैल आपल्या मनानं चाकोरीतून जाये, आपल्याले वाटे आपनच हाकलून राह्यलो. मंग शेतातून घरापर्यंत रिकामी बंडी. मंग भरलेली, पन बाप बाजूनं पायी. मंग कोठी येकट्यानं. तेव्हाही बंडीत मागं आजी बसलेली. खड्ड्यात चाक गेलं की आजी मागून नाव घेऊन ओरडे. मंग सायकल. भाड्याची, तासाच्या हिशेबानं. पाय पुरत नाई म्हनून कैची. ह्या साऱ्यात पंधरा वर्षं गेले अन् तेव्हा कोठी मले इस्टेरिंग भेटलं. तुया पोट्ट्याले काय भेटलं? हा मोबाईल, अन् त्याच्यानंतर एकदम शंभर सीसी.”

चाकोरी हा शब्द आपण आता कंटाळवाण्या आयुष्यासाठी वापरतो. मुळात ती गाड्यांच्या चाकांनी वर्षानुवर्षं पाडलेली वाट. काळ्या रानात ती वाट म्हणजे पोराच्या हाती कासरा देण्याइतका भरवसा होता. मला या शब्दाबद्दल पूर्वी कधी आदर वाटला नव्हता.

असं नव्हे की तेव्हा कोणी वेगाच्या नादी लागत नव्हतं. विदर्भातला शंकरपट हा वेगाचाच खेळ. हलका छकडा, जातिवंत जोडी, सेकंदांचा हिशेब. मामा तरुणपणी पट पाहायला कोस-कोस चालत गेलेले. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर महाराष्ट्राला परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. बैलांच्या वेदनेचा प्रश्न त्यात खरा होता आणि आहे. मला इथं फक्त एवढं सांगायचं आहे की पटाची दान, म्हणजे धावायची वाट, ठरलेली असते, लोक दोन्ही बाजूंना असतात आणि जोडी सुटण्याआधी वाट मोकळी करतात. वेगासाठी वेगळी जागा राखून ठेवायची समज त्या खेळात होती. मोरीवरचा रस्ता तसा कोणी मोकळा केला नव्हता.

“किल्ली कोठी होती?” मामांनी अचानक विचारलं.

“हुकाला. दाराशेजारी.”

ते पुढे काही बोलले नाहीत. त्याची गरज नव्हती. अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन दिलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदा पालकालाच दोषी धरतो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. हे मला माहीत होतं. मी हे शाळेच्या एका कार्यक्रमात मुलांना सांगितलंही होतं. आता किल्ली माझ्या पर्समध्ये असते. गाडी मुलाला खेळानं दिली नव्हती. त्या दिवसापासून हे वाक्य मी स्वतःशी म्हणत होते, पण मामांच्या प्रश्नानंतर ते पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं.

अंधार पडायला लागला होता. मामींनी ओसरीचा दिवा लावला. मी विचारलं, “पण तुम्ही का खेळता हे? ३१ वर्षं गाडी चालवून मन भरलं नाही?”

मामांनी पुष्कळ वेळ घेतला.

“गाडीत मागं पन्नास-साठ मानसं. बाजाराच्या दिवशी त्याच्याहून जास्ती. लेकरं, डोकऱ्या, दवाखान्यात चाल्लेली पोटुशी बाई. मले आरशात सारे दिसत. मुक्कामी गाडी घेऊन जाव तं रातच्या रस्त्यावर दिवे नसलेली बंडी कोठी उभी असन, बैलाचे डोये चमकले तेवढंच. शकुंतलेच्या फाटकावर उभं राहाव. समोरून येनारा ट्रक आपल्या बाजूनं येऊन राह्यला का त्याच्या, हे बगता बगता जल्म गेला. निवृत्त झालो तरी रातच्याले झोपेत पाय ब्रेकवर जाये. तुया मामीले विचार.”

मामी आतून म्हणाल्या, “पलंगाले लाथ बसे.”

“मंग नातवानं हा खेळ टाकून देल्ला. पयल्या दिवशी मी बराच वेळ समोर पाहत बसलो, कोनी येते का. कोनी येत नाई. सारा रस्ता खाली. मागं पाह्यलं, मागं बी कोनी बसेल नाई. गाडी उलटली तं फक्त तो बिल. अन् तो बी पुन्हा उठते. बाई, माया जल्मात असा रस्ता मले येकदाच भेटला. म्हनून खेळतो.”

शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळला येणारी अरुंद रुळांची गाडी. दारव्ह्याच्या मोतीबाग स्थानकाची आठवण काढली की मामांच्या पिढीतला माणूस अजून हळवा होतो. कापूस न्यायला घातलेला तो ११३ किलोमीटरचा मार्ग. १९९४ पर्यंत मँचेस्टरचं १९२१ चं वाफेचं इंजिन ती गाडी ओढत होतं. आता रूळ गवतात आहेत. त्या गाडीत वेग नव्हता, घाई नव्हती, आणि तरी फाटकावरच्या एसटी ड्रायव्हरला तिच्यासाठी थांबावं लागे. दुसऱ्यासाठी थांबणं हे मामांच्या साऱ्या आयुष्याचं काम होतं. त्यांनी निवृत्तीत असा रस्ता निवडला जिथं कोणासाठीही थांबावं लागत नाही, हे मला त्या क्षणी फार पटलं. माझा त्यांच्या खेळण्यावरचा आक्षेप तिथं संपला.

आणि मुलाच्या खेळण्यावरचा तिथंच पक्का झाला.

“मामा, तुम्ही जे सुख सांगता तेच माझं भय आहे. तुम्ही ३१ वर्षं माणसं वाहून मग रिकाम्या रस्त्यावर आलात. हा रिकाम्या रस्त्यापासून सुरुवात करतो आहे. ह्याच्या डोक्यात रस्ता म्हटला की चढ आहे, उतार आहे, टाकी आहे, नाणी आहेत. गाठोडं घेतलेली बाई नाही. त्या खेळात टेकाडापलीकडं काही असलंच तर दुसरं टेकाड असतं. म्हणून त्यानं मोरीच्या पलीकडे बघायचा विचारच केला नाही. त्याला वेग जमला, तोल जमला, उतरणं जमलं. रस्त्यावर आपल्याशिवाय कोणी आहे, एवढंच त्याला कोणी शिकवलं नव्हतं.”

मुलगा पायरीवरून उठून जवळ आला. “पण आई, चंद्रावर पण कोणी नसतंच ना? खेळात चंद्र आहे. तिथं गाडी केवढी उडते.”

खेळात चंद्र आहे हे खरं. तिथं गुरुत्व पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाएवढं, त्यामुळे उडी लांब. पण वजन कमी म्हणजे चाकाची पकडही कमी, म्हणून ब्रेक लावला तरी गाडी घसरत राहते. मी त्याला खरी गोष्ट सांगितली. १९७१ च्या उन्हाळ्यात अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यानं चंद्रावर खरी गाडी चालवली. जाळीची चाकं, प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर. समोरून कोणी येण्याची शक्यता शून्य. अख्ख्या विश्वात याहून मोकळा रस्ता कोणाला मिळाला नसेल. तरी शेजारच्या आसनावर जेम्स आयर्विन बसलेला होता. आणि नियम असा की गाडी बंद पडली तर दोघांना उरलेल्या प्राणवायूत पायी परत येता आलं पाहिजे, त्याच्या पुढे जायचं नाही. जितकं चालत परत येता येईल तितकंच लांब.

“म्हनजे चंद्रावर बी डायवर एकटा नव्हता,” मामा म्हणाले.

मुलगा गप्प राहिला. मग त्यानं स्वतःहून ती गोष्ट काढली जी महिनाभर आमच्या घरात कोणी काढली नव्हती. “ती बाई खाली बसली होती ना आई, तेव्हा ती काहीच बोलली नाही. मला वाटलं ओरडेल. मी हात धरून पडलो होतो अन् ती मलाच विचारत होती, लागलं का रे बाळा.”

मी त्याला जवळ घेतलं नाही, कारण त्या वयातली मुलं तसं करू देत नाहीत. मामांनी मांडीवरचा फोन उचलून त्याच्या हातात दिला.

“हा हात दुखते काय?”

“बोटं हलतात, आबा.”

“तं खेळ. पन आज माया नियमानं. मागं आजी बसेल हाय. बंडीतली आजी. चाक हवेत गेलं की आजी उतरली अन् तू हारला. नानी भेटो नाई तं नाई भेटो.”

“पण मग पेट्रोल संपेल ना आबा. हळू गेलो तर डब्यापर्यंत पोचणारच नाही.”

“संपू दे.”

मामा सरकले, मधे त्याला जागा केली. मी दुसऱ्या बाजूला बसले. पहिल्या टेकाडावरच जीप उडाली, मामांनी “आजी उतरली” म्हटलं. पुन्हा. पुन्हा उडाली. चौथ्या-पाचव्या खेपेला त्याला सापडलं की चढ संपायच्या जरा आधी अंगठा सोडला तर गाडी माथ्यावरून पलीकडे नुसती झुकते, उडत नाही. तो वाकून खेळत होता, ओठ दातांत धरून, प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं ब्रेकवर ठेवून. एक टेकाड झालं. दुसरं झालं. खळग्यात जीप घसरली तेव्हा मामांनी त्याच्या पाठीवर नुसता हात ठेवला.

“समोरून कोणी येत असेल तर?” मी विचारलं.

“ह्यात येत नाही, आई.”

“असेल तर?”

त्यानं पडद्यावरून नजर काढली नाही. पुढचं टेकाड उंच होतं आणि त्याच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. टाकी तळाला गेली होती, डबा कुठं असेल ते कळत नव्हतं. माथा यायच्या आधी त्यानं अंगठा उचलला. जीप जवळजवळ थांबली. मग पुढची चाकं पलीकडे टेकली, त्यांच्यामागून मागची.